सत्तेचाळीस दिवस न फुटलेली काच

चाळिसावा दिवस होता. ग्रंथालयाच्या अंगणात उभे राहण्यास जागा उरली नव्हती. जिन्याच्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, सायकली ठेवण्याच्या पत्र्यावर माणसे चढली होती आणि सर्वांची दृष्टी पूर्वेकडील दगडी भिंतीवर खिळली होती. त्या भिंतीत वरच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी एक भेग होती. भेगेवर आडव्या बसविलेल्या काचेच्या सात पट्ट्या सकाळच्या उन्हात चमकत होत्या.

“मोजा!” पांढऱ्या वस्त्रातील सांधेबुवांनी हात वर केला.

“एक! दोन! तीन!” अंगण गर्जले. सातवी काच मोजून झाली तेव्हा कित्येकांचे डोळे भरून आले होते. सातही अखंड होत्या.

“बाळांनो, भिंत म्हणजे काय?” बुवांनी आवाज अगदी खाली आणला, म्हणजे लोकांना पुढे झुकावे लागे. “भिंत म्हणजे थांबलेला श्वास. श्वास कोंडला की अंग उलतं. मी काही केलं नाही. मी फक्त तिच्या कानात म्हणालो, बाई गं, सोड श्वास.”

भिंतीचा कान नेमका कोणत्या बाजूला, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मात्र दुसरेच काही सुचले.

“महाराज, माझ्या घरच्या टाकीलाही चीर गेलीय. थेंबथेंब गळते.”

“घेऊन ये. पण श्रद्धा ठेवून आण.”

“दोन्ही एका फेरीत नाही जमायचं महाराज, टाकी जड आहे.”

लोक हसले. बुवाही हसले. हसण्यात सामील होणाऱ्या माणसावर लोक लवकर विश्वास ठेवतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी तिथेच घोषणा केली की वरच्या मजल्यावरील पूर्वेचे दालन यापुढे महाराजांच्या बैठकीसाठी राहील. टाळ्या थांबेनात. मीही टाळ्या वाजवल्या. थोड्या संकोचाने वाजवल्या, परंतु वाजवल्या.

माझे आयुष्य संस्कृत आणि तर्कशास्त्र शिकविण्यात गेले. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसतो. लोक मला शास्त्रीजी म्हणतात. ही वास्तू दोनशे वर्षांपूर्वीची, दगडविटांची, चुन्यात बांधलेली. ज्यांनी ती बांधली त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत, पण त्यांच्या हातांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. माझे थोरले बंधू, दादा, याच वास्तूत पुस्तकबांधणीचे काम करीत. पश्चिमेला त्यांची कामाची खोली होती आणि पूर्वेच्या कोपऱ्यात, तळमजल्यावर, राहण्याची एक खोली. त्या खोलीत वहिनी असत.

मी नऊ वर्षांचा असताना आमची आई गेली. त्याच वर्षी वहिनी घरात आल्या. त्यांचे वय तेव्हा एकोणीस. मला न्हाऊ घालण्यापासून परीक्षेच्या दिवशी दारापर्यंत सोडायला येण्यापर्यंत सारे त्यांनी केले. सात वर्षांपूर्वी कण्याच्या दुखण्याने त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. खिडकीतून अंगण दिसावे म्हणून दादांनी त्यांचा पलंग पूर्वेच्या भिंतीला लावून दिला. त्या पडून राहणाऱ्या नव्हत्या. पाठीशी लोड लावून बसत आणि घडी घातलेल्या पानांचे जुडगे सुईदोऱ्याने शिवून देत. या शहरातील अर्धी जुनी पुस्तके त्यांच्या टाक्यांवर उभी आहेत असे दादा म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

‘सांधेबुवा’ हे नावही वहिनींनीच ठेवलेले. हे गृहस्थ पूर्वी गुडघ्यांवर फुंकर घालून दुखणे घालवीत असत. अध्यक्षांच्या गुडघ्यांमार्फतच त्यांचा ग्रंथालयात प्रवेश झाला होता.

“गुडघे सांधून झाले वाटतं,” वहिनी म्हणाल्या होत्या. “आता दगड सांधायला घेतलेत!”

बुवांच्या आधी भिंतीकडे एक अभियंता बाई येत असत. जुन्या वास्तूंची डागडुजी हा त्यांचा व्यवसाय. त्यांना सगळे ‘भिंतवाल्या बाई’ म्हणत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा अर्धा दिवस बोलल्याच नाहीत. बोटाच्या पेराने भिंत ठोकत, कान लावून ऐकत, मातीचा वास घेत फिरत राहिल्या. मग त्यांनी अध्यक्षांना, दादांना आणि मला अंगणात बोलावले.

“ही भेग वर रुंद आहे, खाली अरुंद. म्हणजे हा कोपरा खचतोय आणि बाहेर कलतोय. खालून जुनं गटार गेलंय. ते फुटलंय. पायाखालची माती रोज थोडीथोडी वाहून जातेय.”

“सिमेंट भरून टाका की,” अध्यक्ष म्हणाले. “दोन दिवसांचं काम.”

“तापलेल्या कपाळाला पावडर लावल्यासारखं होईल ते. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ती आतल्या आत कुजते. आधी टेकू लावायचे. मग गटार. मग पाया. भेग सगळ्यात शेवटी. तिच्यात चुन्याचा पातळ रस सोडायचा आणि आडव्या दगडांचे टाके घालायचे.”

दादांचे डोळे चमकले. “म्हणजे शिवण नवी करायची, पुस्तक तेच ठेवायचं.”

“अगदी बरोबर, काका. पण शिवण चालू असताना पुस्तक उघडायचं नाही. हा कोपरा सहा महिने रिकामा लागेल.”

दादांचे डोळे पुन्हा मालवले. पर्यायी खोली मिळत होती ती रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. वहिनींना उचलून तिथे न्यायचे आणि दिवसभर एकटे ठेवून कामावर यायचे. पाणी हवे झाले तर हाक कुणाला मारणार?  दादांनी हातावर वाळलेली बांधणीची खळ नखाने काढायला सुरुवात केली.

जाण्यापूर्वी बाईंनी भेगेवर काचेची एक पट्टी आडवी बसवली. तिची दोन्ही टोके भेगेच्या दोन अंगांना प्लास्टरने घट्ट चिकटवली आणि त्यावर तारीख लिहिली.

“काच लवत नाही,” त्यांनी समजावले. “भिंत केसभर हलली तरी ही तडकेल. काच शाबूत आहे तोवर भिंत थांबलेली आहे, असं समजा.”

हे शेवटचे वाक्य साऱ्या परिसरात पसरले. शाळकरी मुलेही जाता-येता काच पाहू लागली. पहिली काच एकोणिसाव्या दिवशी तडकली. तिच्या जागी बसवलेली दुसरी अकराव्याच दिवशी. बाईंनी लेखी कळवले की कोपरा तातडीने रिकामा करा. नेमक्या त्याच आठवड्यात अध्यक्षांचे गुडघे सांधेबुवांना घेऊन आले.

बुवांनी तडकलेली काच बोटाने न शिवता पाहिली आणि मान हलवली. “ही संशयाची काच. फुटेल का, फुटेल का असं म्हणत बसवलेली. ती फुटणारच! मी विश्वासाची काच बसवतो. मात्र अट एकच. कोणी हात लावायचा नाही. हातात शंका असते.”

एका सोमवारी पडदा लावून सात नव्या काचा बसविण्यात आल्या. बसविल्या त्या बुवांच्या एका शिष्याने. हा मध्यमवयीन गृहस्थ पूर्वी तसबिरींना चौकटी करून काचा लावून देई, म्हणून त्याला चौकटवाला म्हणत. पडदा निघाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काचा जशाच्या तशा. ज्या लोकांना काच वाचायला एका शिकलेल्या बाईंनी शिकवले होते, तेच लोक आता ती वाचून हात जोडू लागले. यंत्राची पूजा सुरू झाली होती आणि यंत्र उघडून पाहणे पाप ठरले होते.

विसाव्या दिवशी विश्वस्तांची सभा झाली. भिंतवाल्या बाई कागदपत्रे घेऊन आल्या होत्या.

“त्या काचा मला तपासू द्या,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटं लागतील.”

“तुम्हीच म्हणाला होतात ना बाई, काच शाबूत तर भिंत थांबलेली?”

“मी बसवलेली काच.”

“आता काचेतही तुमची नि आमची का?” अध्यक्षांनी सभेकडे पाहिले. सभा हसली. मग ते माझ्याकडे वळले. “शास्त्रीजी, तुम्ही बोला. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही.”

दादा मागच्या बाकावर बसले होते. ते माझ्याकडे पाहत होते. त्या दृष्टीत काय मागणे होते ते मला दिसत होते. मी उभा राहिलो.

“महाराजांच्या फुंकरीविषयी मी काही म्हणत नाही,” मी म्हणालो. “परंतु काच अखंड आहे, हे प्रत्यक्ष आहे. प्रत्यक्षाला आणखी पुरावा लागत नाही.”

टाळ्या झाल्या. बाईंनी कागद गोळा केले. माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“शास्त्रीजी, धूर दिसला की आग आहे असं ओळखतात ना? पण तो धूर आहे की नुसती धूळ, हे आधी बघतात.”

हा धडा मी स्वतः चाळीस वर्षे शिकवीत आलो होतो. त्या वेळी मात्र मला तो उद्धटपणा वाटला.

चाळिसाव्या दिवशीचा तो सोहळा झाला आणि त्यानंतरच्या सोमवारी मी वहिनींना भेटायला गेलो. दादा पश्चिमेच्या खोलीत कामात होते.

“भाऊजी, उशीखाली एक पुठ्ठा आहे. काढा बघू.”

मी काढला. बांधणीतला उरलेला करडा पुठ्ठा होता. त्यावर सात दोऱ्यांचे बोटभर तुकडे ओळीने चिकटवलेले. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात तारीख. पहिला दोरा बारीक होता, त्यापुढचा थोडा जाड, आणि सातवी चक्क सुतळी होती.

“हे काय, वहिनी?”

“भेग माझ्या उशाशी उतरते ना, तिच्यात दर सोमवारी दोरा घालून बघते. तुमच्या बुवांनी काचा लावल्या त्या दिवशी दोनपदरी दोरा जेमतेम शिरला. पुढच्या सोमवारी तीनपदरी. आज ही सुतळी सहज आत गेली. वर आणखी जागा उरली.”

मी पुठ्ठा उजेडाकडे धरला. मोजमाप इतके नेटके होते की मला क्षणभर अस्वस्थ वाटले. आणि अस्वस्थ झालेला विद्वान जे करतो तेच मी केले. मी युक्तिवाद केला.

“दोरा घालून घालून कडेचा चुना झिजला असेल. भेगेचं तोंड मोठं झालं म्हणजे भेग वाढली असं नव्हे.”

“मी दर वेळी नव्या जागी घालते. एकदा वीतभर वर, एकदा वीतभर खाली. मी भिंत कोरत नाही भाऊजी, मोजते.”

“मग काच का तडकत नाही?”

“ते मला काय विचारता? काचा बाहेरच्या अंगाला. मला त्या दिसतसुद्धा नाहीत. हात लावून बघा की.”

“हात लावायला मनाई आहे, वहिनी.”

वहिनी खळखळून हसल्या. “एवढी पुस्तकं वाचलीत, आणि हात खिशातच? अहो, मला उठता आलं असतं तर मी नखानं खरवडून आले असते. तुम्हाला उठता येतं.”

मीही हसलो. बघतो म्हणालो. भिंतवाल्या बाईंना विचारतो म्हणालो.

“विचारा खरंच,” त्या म्हणाल्या. “तुमचे दादा ऐकून घेत नाहीत. त्यांना मी इथे असावी असं वाटतं. मलाही वाटतं. पण भिंतीला काय वाटतं, तेही बघायला नको का?”

त्या संध्याकाळी मी बाईंचा क्रमांक लावला आणि पलीकडे घंटा वाजण्यापूर्वी फोन ठेवून दिला. सभेत जे बोललो ते कोणत्या तोंडाने मागे घ्यायचे, हे मला ठरवता आले नाही. मंगळवारी पुन्हा तेच झाले. बुधवारी बुवांसाठी वरच्या दालनात जड लाकडी मंच चढवला जात होता. ते पाहत मी वाचनकक्षात बसून राहिलो. गुरुवारी मी मनाशी वाक्ये रचली. ती फार चांगली रचली होती.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास प्रथम वाळू गळावी तसा आवाज आला. वाचनकक्षातील दोघांतिघांनी माना वर केल्या. मग शांतता. मग जमिनीतून एक धक्का आला, आणि मागोमाग जो आवाज झाला त्याला उपमा देण्याची माझी इच्छा नाही. आम्ही धावत बाहेर आलो तेव्हा पूर्वेचा कोपरा उभा नव्हता. वरचे दालन, तो मंच, खिडकी, सारे खोलीत उतरले होते. धुळीतून दादा धावत आले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने माखलेले होते. त्यांनी त्याच हातांनी दगड उचलायला सुरुवात केली. कोणाचेही न ऐकता ते दोन तास दगड उचलत होते.

वरच्या दालनात त्या वेळी कोणी नव्हते. खाली फक्त वहिनी होत्या.

तिसऱ्या दिवशी सांधेबुवा आले. ते येणार नाहीत असे मला वाटले होते. मला माणसे ओळखता येत नाहीत हे तोवर सिद्धच झाले होते. अंगणात चाळिसाव्या दिवसाइतकीच गर्दी होती, फक्त आवाज नव्हता. भिंतवाल्या बाई ढिगाऱ्यापाशी टेकूंचे माप घेत होत्या. अध्यक्ष जमिनीकडे पाहत होते. दादा एका दगडावर बसले होते.

“बाळांनो,” बुवा त्याच खालच्या आवाजात म्हणाले, “भिंत पडली नाही. भिंतीला पाडलं गेलं. बाहेर हजारो लोकांचा विश्वास होता. पण आत, अगदी भिंतीला लागून, कुठेतरी एक शंका बसलेली होती.”

गर्दीत कुजबुज झाली. वहिनी बुवांची थट्टा करीत, हे सर्वांना माहीत होते.

“माझा शब्द खोटा ठरला का? हे बघा!” बुवा वाकले आणि ढिगाऱ्यातून त्यांनी एक काचेची पट्टी उचलून वर धरली. तिच्यावर ओरखडाही नव्हता. “एवढे दगड कोसळले, माझी काच फुटली नाही!”

आणि गर्दीतून पुन्हा आश्चर्याचा उद्गार निघाला. मी तो ऐकला. तीन दिवसांपूर्वी जिथे माणूस मेले, तिथे उभे राहून लोक पुन्हा थक्क होत होते.

दादा उठले. “बघू जरा.”

“हात नका लावू. हातात शंका...”

“द्या इकडे,” दादा म्हणाले, आणि त्यांनी काच काढून घेतली.

माझ्या बंधूंनी पन्नास वर्षे खळ शिजवली. अंगठ्याला लावून ते सांगत की ही कधी सुकेल, किती वर्षे धरेल, दमट हवेत सुटेल की नाही. दुकानातून आणलेला कोणताही डिंक आधी त्यांच्या अंगठ्याखालून जाई आणि मगच पुस्तकाला लागे. या भिंतीजवळून ते रोज चार वेळा ये-जा करीत होते, आणि त्या सात पट्ट्यांना मात्र त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

त्यांनी काचेच्या एका टोकावर अंगठा दाबला. मग दुसऱ्या टोकावर. दुसऱ्या टोकाचा पांढरा लगदा थोडा काढून दोन बोटांत फिरवला आणि नाकाशी नेला. त्यांचे बोट थांबले. बोटांच्या चिमटीत एक गुळगुळीत गोळी तयार झाली होती.

“या टोकाला प्लास्टर आहे. दगडासारखं,” ते म्हणाले. “आणि हे दुसरं मेण आहे. मेण, तेल आणि खडूची पूड. दिसायला प्लास्टरसारखंच. सत्तेचाळीस दिवस उन्हात राहून याची गोळी वळतेय. हे चिकटवायला लावलेलंच नाही. हे सुकू नये म्हणून मुद्दाम केलंय.”

“म्हणजे काय?” अध्यक्षांनी विचारले. ते खरोखर विचारत होते.

“धाकट्या, दोन पुस्तकं आण.”

मी वाचनकक्षातून दोन जाड ग्रंथ आणले. दादांनी ते दगडावर शेजारीशेजारी ठेवले. काचेचे प्लास्टरचे टोक एका पुस्तकावर अंगठ्याने घट्ट दाबून धरले, मेणाचे टोक दुसऱ्यावर नुसते टेकवले. “ते पुस्तक ओढ.” मी ओढले. पुस्तके दोन बोटे दूर झाली. काच मेणावरून हळूच घसरली आणि जशीच्या तशी राहिली. दादांनी आणखी ओढायला सांगितले. मधली फट वाढत गेली. काचेला काहीच झाले नाही. 

भिंतवाल्या बाई पुढे आल्या. “काचेचं काम फुटण्याचं होतं,” त्या हळू म्हणाल्या. “ती फुटली की आपण माणसं बाहेर काढतो. म्हणून तर ती लावायची. पडलेल्या भिंतीतून जी काच शाबूत निघाली, ती भिंतीला कधी बांधलेलीच नव्हती.”

मागे कोणीतरी मटकन खाली बसले. तो चौकटवाला होता.

“तसबिरीला काच बसवताना असंच मेण घालतो आम्ही,” तो रडत म्हणाला. “चौकट फुगली-आकसली तरी काच तडकू नये म्हणून. महाराज म्हणाले, लोकांना धीर हवाय. मला वाटलं, दोनशे वर्षं उभी आहे, आणखी काय होणार आहे तिला.”

“बघा, बघा, शंकेनं याचंही मन...” बुवा बोलू लागले.

“शंका माझ्या बायकोला होती,” दादा म्हणाले. ते ओरडले नाहीत. “एकटीला होती. आम्ही सगळ्यांनी थोडीथोडी वाटून घेतली असती तर ती आज शिवत बसली असती.”

बुवा फाटकाकडे सरकू लागले तेव्हा चहावाला आधीच फाटक लावून उभा होता. पुढे तक्रार झाली, चौकशी झाली, ते सारे यथावकाश चालू आहे. अध्यक्षांनी पद सोडले. त्यांचे गुडघे अजून दुखतात. गटार उघडल्यावर पायाखाली माणूस बसेल एवढी पोकळी सापडली.

त्याच दुपारी मी दादांना तो पुठ्ठा दिला. सोमवारी वाचनकक्षात नेऊन माझ्या वहीत ठेवला होता, म्हणून तो वाचला होता. दादांनी एकेका दोऱ्यावरून अंगठा फिरवला. तारखा वाचल्या.

“तुला कधी दाखवला?”

“सोमवारी.”

मी सगळे सांगितले. झिजलेल्या चुन्याचा युक्तिवाद, तो क्रमांक, ती रचलेली वाक्ये. दादा मला काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी बोलावे असे मला वाटत होते.

“मला रविवारी सांगत होती,” पुठ्ठा मांडीवर ठेवत ते म्हणाले. “मी म्हणालो, मला कशाला विचारतेस? धाकट्याला विचार. तो शिकलेला आहे.”

 त्यानंतर ते या विषयावर कधी बोलले नाहीत. पुस्तके शिवण्याचे काम ते आता स्वतः करतात. टाके वाकडे पडतात, आणि ते उसवून पुन्हा घालतात.

हे सारे मी लिहून ठेवले, कारण मला काही मागायचे आहे. जो कोणी तुम्हाला चमत्कार दाखवील आणि वर हात लावू नका म्हणेल, त्याच्या त्या वस्तूला पहिल्यांदा हात लावा. खरवडून पाहा, मोजा, ओढून पाहा. खऱ्या गोष्टीला तुमच्या बोटांचे भय नसते. डोळ्यांना दिसले एवढ्यावर थांबू नका. दिसणारे तसे का दिसते, हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारा. एखादे शास्त्रीय साधन दाखवून कोणी तुमची खात्री पटवीत असेल, तर ते साधन कोणी बसवले आणि कसे बसवले, हे जाणून घ्या. माझ्यासारख्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका. विद्वत्ता हा पुरावा नाही. आणि घरातील कोणी, मग ते अंथरुणाला खिळलेले का असेना, मोजून काही सांगत असेल, तर मोजमाप पाहा, सांगणाऱ्याची पदवी पाहू नका. जे करायचे ते त्याच दिवशी करा.

माझ्यापाशी चार दिवस होते.